फाटलेल्या आवाजाचे शास्त्र : ‘टोन’ आणि ‘मिक्स’ नेमके काय करतात?

नागपूर, प्रतिनिधी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीची मिरवणूक असो, ताजबागेचा संदल असो वा गणेश विसर्जन, नागपूरच्या रस्त्यांवर ‘धुमाल’चा आवाज ओळखावा लागत नाही. ढोल-ताशाच्या कडकडाटावर इलेक्ट्रॉनिक पॅडचे ठोके पडतात आणि त्यावर कीबोर्ड किंवा बेंजोची धारदार सुरावट चालते. ती सुरावट बहुधा किंचित ‘फाटलेली’ असते. हा फाटलेपणा वाद्यातील दोष नव्हे. तो वादकाला हवा असतो, कारण साध्या, गुळगुळीत सुराचा त्या गदारोळात निभाव लागत नाही. मात्र हाच फाटलेपणा हाताबाहेर गेला की ऐकणाऱ्याच्या कानात सुई टोचल्यासारखी वेदना होते, सुरावट ओळखू येत नाही आणि कर्ण्यांच्या कॉइल जळतात.

आवाज मुद्दाम फाडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या परिपथाला ‘डिस्टॉर्शन सर्किट’ म्हणतात. गिटारवादकांच्या पायाशी असणारा लहानसा धातूचा डबा हे त्याचे सर्वपरिचित रूप. त्यावर साधारणपणे आवाज किती फाडायचा याचे ‘गेन’ आणि बाहेर किती सोडायचा याचे ‘लेव्हल’ ही दोन बटणे असतात आणि ती सर्वांना समजतात. गोंधळ होतो तो ‘टोन’ आणि ‘मिक्स’ या दोन बटणांबाबत. वास्तविक आवाज धारदार असूनही सुसह्य राहणार की नाही, याचा निर्णय याच दोन बटणांवर होतो. त्यांचे काम समजून घेतले तर धार वाढविण्यासाठी दरवेळी आवाज मोठा करण्याची गरज उरत नाही.

आवाज फाटतो म्हणजे काय?

बेंजोची किंवा गिटारची तार छेडली की तिच्याखालचे पिकअप त्या कंपनाचे विजेच्या लहरीत रूपांतर करते. ही लहर व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे अगदी दुबळी असते. डिस्टॉर्शन सर्किट प्रथम तिला कित्येक पटींनी मोठी करते आणि मग तिच्या वाटेत डायोड उभे करते. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला वाहू लागतो. त्यापेक्षा उंच जाऊ पाहणारी लहर तेथेच छाटली जाते. डोंगरासारखी गोलाई असलेली लहर वरून आणि खालून कापली जाऊन पठारासारखी सपाट होते. या छाटण्यालाच ‘क्लिपिंग’ म्हणतात.

लहरीचा आकार बदलला की तिच्यातील स्वरांचा मेळही बदलतो. मूळ स्वराच्या दोन, तीन, चार, पाच पट वारंवारतेचे जे सूक्ष्म स्वर त्याच्यासोबत ऐकू येतात त्यांना उपस्वर म्हणता येईल. लहर वरून आणि खालून सारखीच छाटली तर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम उपस्वर जन्माला येतात. दोन्ही बाजूंनी असमान छाटली तर दुसरा, चौथा असे सम उपस्वरही त्यात मिसळतात.

ही कल्पना आपल्या संगीताला मुळीच परकी नाही. तंबोऱ्याची जवारी नेमके हेच करते. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागावर तार घासत राहते, तिच्या कंपनाचा साधा आकार मोडतो आणि उपस्वरांची झळाळी उमटते. नीट लागलेल्या तंबोऱ्यात कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. गायक ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो षड्जाचा पाचवा उपस्वर होय. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील कारागीर जवारी काढण्यासाठी तासन्‌तास खर्च करतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवला जाणारा सुती दोरा किंचित हलला तरी तंबोऱ्याचा नाद खुला किंवा बंद होतो. डिस्टॉर्शन सर्किटचे ‘टोन’ बटण हे त्या दोऱ्याचेच दूरचे भावंड मानता येईल.

बिघाडातून लागलेला शोध

पाश्चात्त्य संगीतात या फाटक्या आवाजाला प्रतिष्ठा मिळाली ती एका बिघाडामुळे. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण अमेरिकेतील नॅशव्हिल येथे झाले. त्यावेळी मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बेस गिटारचा आवाज घरघरत मुद्रित झाला. तो तसाच ठेवण्यात आला आणि श्रोत्यांना भावला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम देणारा ट्रान्झिस्टरचा परिपथ तयार केला. त्यातून १९६२ साली ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ हा डबा बाजारात आला. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यानंतर त्याची मागणी एकदम वाढली.

सुरुवातीचे असे अनेक डबे जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालत. या पदार्थाचा स्वभाव उष्णतेला फारच हळवा. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यातून झिरपणारा विद्युतप्रवाह ढोबळमानाने दुप्पट होतो आणि आवाजाचा पोत बिघडतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या नागपुरात असा डबा दुपारी एक आणि रात्री दुसराच आवाज देईल. सिलिकॉनचे भाग या बाबतीत बरेच स्थिर असल्याने घरगुती बांधणीसाठी तेच सोयीचे ठरतात.

आपल्याकडील बेंजोची कुळकथाही रंजक आहे. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी ‘तैशोगोतो’ हे टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले तंतुवाद्य तयार केले. ते भारतात बुलबुल तरंग म्हणून रुजले आणि महाराष्ट्राच्या मिरवणुकांत ‘बेंजो’ झाले. रवी जाधव यांनी २०१६ साली याच वादकांच्या जीवनावर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. पिकअप बसविलेला बेंजो विद्युत दृष्टीने गिटारचाच चुलतभाऊ ठरतो. त्यामुळे गिटारसाठीचे डिस्टॉर्शन सर्किट त्यालाही चालते.

‘टोन’ : उपस्वरांची चाळणी

एक उदाहरण घेऊ. बेंजोचा षड्ज २२० हर्ट्झवर लावला आहे असे समजा. लहर पूर्ण छाटून चौकोनी झाली की तीन पट म्हणजे ६६० हर्ट्झवर तार पंचम, पाच पट म्हणजे ११०० हर्ट्झवर गंधार आणि सात पट म्हणजे १५४० हर्ट्झवर कोमल निषादाच्या जवळपासचा, पण त्याहून किंचित उतरलेला स्वर तयार होतो. पंचम आणि गंधार षड्जाशी गोडीने नांदतात. सातवा उपस्वर मात्र कुठल्याच सुरेल पट्टीत नीट बसत नाही. अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्येच लोंबकळतो. आवाज ‘चिरका’ वाटतो तो या वरच्या उपस्वरांच्या गर्दीमुळे. टोनचे बटण नेमके यांनाच आवरते.

त्याची सर्वांत सोपी रचना दोन भागांची असते. वाटेत एक रेझिस्टर आणि त्यापुढे जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे उतरणारा एक कपॅसिटर. दुरुस्तीच्या दुकानात या कपॅसिटरला सर्रास ‘कंडेन्सर’ म्हणतात. कपॅसिटरचा गुण असा की, संथ लहरींना तो अडवतो आणि वेगवान लहरींना वाट देतो. त्यामुळे उंच वारंवारतेचे उपस्वर त्याच्यातून ग्राउंडमध्ये निघून जातात आणि खालचे स्वर पुढे सरकतात. ही गळती जेथून जाणवू लागते ती सीमा रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर ठरते. गुणाकार मोठा, तर सीमा खाली.

समजा कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा आहे आणि एक किलोओहमच्या स्थिर रेझिस्टरला २५ किलोओहमचे पोटेन्शियोमीटर, म्हणजे बाजारात ज्याला नुसते ‘पॉट’ म्हणतात ते जोडले आहे. बटण एका टोकाला असताना वाटेत केवळ एक किलोओहम राहतो आणि सीमा सुमारे १५,९०० हर्ट्झवर असते. म्हणजे जवळजवळ सर्व उपस्वर मोकळे सुटतात. बटण दुसऱ्या टोकाला नेले की २६ किलोओहम होतात आणि सीमा ६१२ हर्ट्झपर्यंत उतरते. याचा वरील षड्जावर काय परिणाम होतो? पूर्ण चौकोनी लहरीत तिसऱ्या उपस्वराची पातळी मूळ स्वराच्या ३३ टक्के, पाचव्याची २० टक्के आणि सातव्याची १४ टक्के असते. चाळणीनंतर तिसरा सुमारे २४ टक्क्यांवर, पाचवा १० टक्क्यांवर आणि सातवा सहा टक्क्यांच्याही खाली येतो. मूळ स्वर मात्र जवळपास तसाच राहतो. पंचम टिकला, गंधार निम्म्यावर आला आणि बेसूर सातवा निम्म्याहूनही खाली गेला. आवाज बोथट झाला असे न म्हणता त्याची टोके घासली गेली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

प्रत्येक उत्पादकाची चाळणी वेगळी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या ‘रॅट’ या प्रसिद्ध डब्यात दीड किलोओहमचा रेझिस्टर, १०० किलोओहमचे पॉट आणि ३.३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असतो. सीमा ३२ हजार हर्ट्झपासून ४७५ हर्ट्झपर्यंत फिरते. त्यावरील बटणाचे नाव ‘फिल्टर’ असून ते उजवीकडे फिरवले की आवाज उजळण्याऐवजी मंद होतो. नवख्याची तेथे हमखास फसगत होते. १९६९ सालच्या ‘बिग मफ’मध्ये दोन चाळण्या असतात, एक खालचे स्वर सोडणारी आणि दुसरी वरचे सोडणारी. बटण एकीकडून दुसरीकडे तोल सरकवते. मधोमध ठेवल्यास एक हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. खोलीत एकट्याने वाजविताना हा आवाज भव्य वाटतो. परंतु वाद्यमेळात सुरावट ऐकू येण्यासाठी नेमका हाच मधला पट्टा लागत असल्याने गर्दीत वाद्य हरवून जाते.

छाटण्याआधी की नंतर?

टोनचे बटण साखळीत कुठे बसवले आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. छाटणीनंतरची चाळणी तयार झालेल्या उपस्वरांपैकी किती बाहेर जाऊ द्यायचे ते ठरवते. छाटणीपूर्वीची चाळणी मुळात कोणत्या स्वरांना फाडायचे ते ठरवते. ही दोन कामे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

खर्जाचे स्वर सर्वाधिक ताकदवान असतात. ते तसेच छाटणीत गेले तर सगळी जागा व्यापतात आणि आवाज चिखलासारखा गढूळ होतो. म्हणूनच जपानमधून आलेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या डब्यात सुमारे ७२० हर्ट्झखालील स्वरांना छाटणीच्या टप्प्यात कमी ताकद दिली जाते. त्यानंतर छाटणीतून आलेले वरचे उपस्वर टोनच्या टप्प्यात आवरले जातात. आधी खालून आणि मग वरून, अशा दुहेरी नियंत्रणामुळे त्याचा आवाज वाद्यवृंदातही स्पष्ट राहतो. आवाज गढूळ वाटत असेल तर अनेक जण टोन वाढवतात. परिणामी गढूळपणा तसाच राहतो आणि वर चिरकेपणाची भर पडते. गढूळपणाचा इलाज छाटणीच्या आधी आणि चिरकेपणाचा इलाज छाटणीच्या नंतर, हे सूत्र ध्यानात ठेवणे हिताचे.

‘मिक्स’ : मूळ स्वराची सोबत

टोन फाटलेल्या आवाजाचा पोत ठरवते, तर मिक्स त्यात मूळ, स्वच्छ आवाज किती मिसळायचा ते ठरवते. काही डब्यांवर याला ‘ब्लेंड’ किंवा ‘बॅलन्स’ असेही नाव असते. विशेषतः बेस गिटारसाठी बनविलेल्या डब्यांत हे बटण आढळते, कारण तेथे खर्जाचा भक्कम पाया शाबूत राखणे अनिवार्य असते.

रचना अशी असते. वाद्यातून आलेली लहर सुरुवातीलाच दोन वाटांना विभागली जाते. एक वाट छाटणीतून जाते, दुसरी तशीच पुढे जाते. शेवटी दोन्ही एका पॉटच्या दोन टोकांना येऊन मिळतात आणि मधल्या पायातून मिश्रण बाहेर पडते. बटण एका टोकाला असताना केवळ स्वच्छ, दुसऱ्या टोकाला केवळ फाटलेला आणि मध्ये दोहोंचा संगम. मात्र या दोन वाटांनी एकमेकींवर भार टाकू नये म्हणून दोन्हींवर ऑप-अॅम्पचा एकेक ‘बफर’ लागतो. तो वगळला तर मिक्स फिरवताच टोनही आपोआप बदलू लागतो आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.

मिक्सची गरज का पडावी? पहिले कारण आघाताचे. छाटणीतून गेलेल्या लहरीला चढउतार उरत नाहीत. समजा छाटणीपूर्वी लहर शंभर पट मोठी केली जाते. तार जोरात छेडली असता ०.१ व्होल्टची लहर मिळाली, तर तिला दहा व्होल्टपर्यंत जायचे असते, पण ती ०.६ व्होल्टला छाटली जाते. स्वर विरत विरत ०.०१ व्होल्टवर आला तरी शंभर पटीने तो एक व्होल्ट होऊ पाहतो आणि पुन्हा ०.६ व्होल्टलाच छाटला जातो. म्हणजे मूळ स्वर दहापट क्षीण झाला तरी फाटलेल्या आवाजाची पातळी जागची हलत नाही. वादकाच्या बोटांतील हलका-जड भेद यात पुसला जातो. स्वच्छ वाटेने आलेला आवाज तो भेद परत आणतो.

दुसरे कारण एकाहून अधिक स्वर एकत्र वाजविण्याचे. छाटणीतून दोन स्वर एकाच वेळी गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. षड्ज २४० आणि पंचम ३६० हर्ट्झवर असतील तर वजाबाकी १२० आणि बेरीज ६०० हर्ट्झ येते. हे सर्व १२० च्याच पटीत असल्याने कानाला खटकत नाही. परंतु कीबोर्डवर षड्जासोबत त्याचा सुमारे ३०२ हर्ट्झचा गंधार दाबला तर ६२ आणि ५४२ हर्ट्झचे अनाहूत पाहुणे येतात आणि त्यांचा सुरांशी काही संबंध नसतो. यामुळेच रॉक संगीतातील गिटारवादक फाटक्या आवाजात केवळ षड्ज-पंचमाची जोडी वाजवतात आणि यामुळेच कीबोर्डवर तीन-चार कळा एकत्र दाबून डिस्टॉर्शन लावले की नुसता कलकलाट होतो. अशा वेळी मिक्स स्वच्छ बाजूला सरकवले, तर सुरांची ओळख टिकते आणि धारही राहते.

मध्यबिंदूचा भ्रम

मिक्सचे बटण मधोमध ठेवले म्हणजे निम्मे-निम्मे मिश्रण झाले असा सर्वसाधारण समज आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. वरच्या उदाहरणात स्वच्छ लहर ०.१ व्होल्टची आणि फाटलेली ०.६ व्होल्टची आहे. पॉटच्या मध्यावर दोन्ही निम्म्या झाल्या तरी त्यांचे प्रमाण सहास एक असेच राहते. स्वच्छ आवाज जणू नाहीच असे वाटते आणि बटणाच्या शेवटच्या थोड्या भागात सगळा बदल एकदम घडतो. उपाय सोपा आहे. मिश्रणापूर्वी स्वच्छ लहर मोठी करून किंवा फाटलेली लहर प्रीसेटने कमी करून दोन्ही कानाला सारख्या वाटतील अशा पातळीवर आणाव्यात.

दुसरा सापळा ‘फेज’चा. काही अॅम्प्लिफायर टप्पे लहरीला उलटी करतात, म्हणजे तिचा डोंगर दरी होतो आणि दरी डोंगर. फाटलेली लहर उलटी होऊन आली आणि सरळ लहरीत मिसळली, तर दोहोंतील मूळ स्वर परस्परांना खोडतात. उपस्वर केवळ एकाच वाटेवर असल्याने ते मात्र शिल्लक राहतात. परिणामी मिक्स मध्याजवळ आणताच आवाज एकदम पातळ, पोकळ होतो. असे घडले तर भाग जळाला असे समजून नवा भाग आणण्याआधी एका वाटेवर लहर उलटविणारा एक टप्पा वाढवून पाहावा.

डिजिटल उपकरणे वापरणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची दक्षता घ्यावी. त्यांच्यात लहरीचे आकड्यांत रूपांतर होऊन ती पुन्हा लहर होईपर्यंत काही वेळ जातो. उपकरणाच्या आतच मिक्स केल्यास बहुधा अडचण येत नाही. परंतु स्वच्छ आवाज मिक्सरच्या एका चॅनेलवर आणि डिजिटल डब्यातील आवाज दुसऱ्या चॅनेलवर घेतला, तर एक मिलिसेकंदाचा उशीरही ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झ येथे खोडाखोड घडवतो. आवाज नळीतून आल्यासारखा वाटतो.

बटणे कोणत्या क्रमाने फिरवावीत?

हा सारा हिशेब व्यवहारात आणण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम मिक्स पूर्ण फाटलेल्या बाजूला, टोन मध्यावर आणि गेन कमी ठेवावे. सर्वांत जोराच्या आघाताला हवी तितकी धार येईपर्यंत गेन वाढवावे आणि तेथेच थांबावे. मग टोन चिरकेपणा जाईपर्यंत कमी करावे. त्यानंतर मिक्स हळूहळू स्वच्छ बाजूला आणावे आणि आघाताचा ठसा स्पष्ट होताच सोडून द्यावे. शेवटी डबा चालू आणि बंद करून दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी राहील असे लेव्हल लावावे. ही शेवटची पायरी टाळू नये, कारण मोठा आवाज मानवी कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो आणि निवड फसते.

घरात लावलेला टोन मैदानात चालत नाही, याचेही कारण कानातच आहे. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी टोन वाढवून ठेवला जातो. तोच आवाज मैदानात मोठा झाला की वरचे स्वर उसळून येतात. त्यात कर्ण्यांचे स्पीकर खर्ज फारसा देत नाहीत आणि मधल्या-वरच्या पट्ट्यावर जोर देतात. कर्ण्यावर वाजवायचे असेल तर टोन घरच्यापेक्षा कमीच ठेवला पाहिजे.

जेथे बटण निरुपयोगी ठरते

या सर्व विवेचनाचा मिरवणुकीशी थेट संबंध येतो तो येथे. डिस्टॉर्शनच्या डब्यात आवाज फाटतो तो अर्ध्या-पाऊण व्होल्टवर. त्यानंतर टोन, मिक्स आणि लेव्हल असे तीन लगाम शिल्लक असतात. याउलट धार यावी म्हणून मुख्य पॉवर अॅम्प्लिफायरच क्षमतेपलीकडे ताणला, तर लहर छाटली जाते ती साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर. त्याच्यापुढे फक्त स्पीकर असतो. मिक्सरवरील ट्रेबलचे बटण अॅम्प्लिफायरच्या अलीकडे असल्याने तेथे जन्मलेल्या उपस्वरांना ते रोखू शकत नाही. ते पूर्ण बंद केले तरी अॅम्प्लिफायर आपले उपस्वर तयार करीतच राहतो. शिवाय स्वच्छ आवाजाची वेगळी वाटही उरत नसल्याने सुरावट, गायन आणि ताल सगळेच एकत्र छाटले जातात आणि बेरीज-वजाबाकीच्या स्वरांचा गदारोळ माजतो.

उपकरणांचे नुकसान वेगळेच. पूर्ण चौकोनी लहरीत त्याच उंचीच्या गोलाईदार लहरीच्या दुप्पट शक्ती असते. शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर पूर्ण छाटणीत स्पीकरमध्ये दोनशे वॅटच्या आसपास उष्णता ओतू शकतो. नव्याने जन्मलेले उपस्वर नाजूक ट्वीटरकडे जातात आणि त्याची कॉइल आधी जळते.

कानांचा प्रश्न सर्वांत गंभीर. मानवी कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो आणि गोंगाटाने होणारा बहिरेपणा बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसू लागतो. छाटणीतील वरचे उपस्वर नेमके याच पट्ट्यात कोसळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात ८० डेसिबल आवाज ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये आणि प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीला ही मुदत निम्मी करावी. या हिशेबाने ९५ डेसिबलला आठवडाभराची मर्यादा सव्वा तासात संपते. गाडीवर कर्ण्यांच्या पुढ्यात उभा राहून रात्रभर वाजविणारा वादक या धोक्याच्या सर्वांत जवळ असतो आणि त्याचे कान हीच त्याची उपजीविका असते.

कायद्याची चौकटही स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपकाला मनाई असून, सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजीच्या निकालात कोणालाही सक्तीने ऐकविता येत नाही, हे तत्त्व अधोरेखित केले. आवाजाची तीव्रता दहा डेसिबलने वाढविण्यासाठी दहापट शक्ती लागते आणि कानाला तो केवळ दुप्पट वाटतो. मोठेपणाच्या या शर्यतीत खर्च अफाट आणि लाभ तुटपुंजा आहे.

धारेला मात्र अशी शर्यत लागत नाही. फाटलेपणा हा आवाजाचा पोत आहे, त्याचे मोठेपण नव्हे. नऊ व्होल्टची एक बॅटरी, दोन डायोड, एक ऑप-अॅम्प आणि मोजके रेझिस्टर-कंडेन्सर इतकी सामग्री तो पोत निर्माण करायला पुरते. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांतून एका फेरीत ती गोळा करता येते. हवी ती धार आधी डब्यात तयार करावी, टोनने तिची बोचरी टोके घासावीत, मिक्सने सुराची ओळख राखावी आणि मुख्य अॅम्प्लिफायरला त्याच्या क्षमतेच्या आत निवांत चालू द्यावे. असे केल्यास बेंजोची सुरावट ढोल-ताशातूनही वर उठून येईल. आवाज कमी केल्यावरही ती धार हरवणार नाही, कारण ती मुळात मोठ्या आवाजातून आलेलीच नसेल.